कोरडा पंप

"आई, पंप कोरडा चालतोय गं."

आवाजावरून मला ते कळायचं. पाणी असलं की पंप घुमतो, नसलं की किंचाळतो. पंप मेकॅनिकची मुलगी मी. आमच्याकडे चोरीच्या खालोखाल मोठा गुन्हा म्हणजे पंप कोरडा चालवणं. गिऱ्हाईक कितीही बडं असो, बाबा ऐकवायचे, "पाणी संपलेलं दिसत नाही? सील जळलं की माझ्या नावानं बोंब मारू नका." मागे पाने-पक्कड पुसत बसलेले काका, बाबांचे धाकटे भाऊ, ओठांनी त्यांची हुबेहूब नक्कल करायचे. एरवी शीळ घालायचे. आमच्या दुकानात ग्रीसच्या वासालाही चाल होती.

पूर आला तेव्हा होडी बायका-मुलांसाठी होती. पुरुषांनी गच्चीवर थांबून घरं राखायची, असं कुणी ठरवलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. काका मात्र पटकन येऊन होडीत आमच्याजवळ बसले. त्यांना पोहता येत नव्हतं.

"वहिनीच्या मांडीवर बसतोस का आता?" बाबा वरून म्हणाले.

अख्खी गच्ची हसली. काकाही हसले आणि उतरले. उतरताना नवे बूट माझ्याकडे दिले. "सांभाळ गं, भिजायला नकोत."

पहाटे गच्चीची, ते दोघे होते ती बाजू खचली. बाबा पोहून वाचले.

नातेवाईक आले, बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कर्ता पुरुष तू. तूच खचलास तर कसं?" आणि निघताना, "आमचं तळघर कधी बघतोस?"

बाबांनी सगळ्या गल्लीची तळघरं उपसली. आमचं शेवटी.

पंप किंचाळायला लागला, तशी बटण बंद करायला मी जिन्याशी गेले. खाली बाबा पालथ्या बादलीवर बसले होते, पाठमोरे. भोवती नुसता चिखल. खांदे गदगदा हलत होते. आवाज पंपाचा तेवढा येत होता.

आईनं माझं मनगट धरलं. "राहू दे."

"अगं, सील जळेल."

"जळू दे."

आम्ही दोघी पायरीवर बसलो. जळक्या रबराचा वास वर येईपर्यंत बसलो.

मग पंप थांबला. बाबा बाहीनं तोंड पुसत वर आले.

"सील गेलं."

"नवं टाका," आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. कोनाड्यातल्या बुटांकडे बघत राहिले.

"ते उन्हात ठेव गं जरा."

बूट भिजलेच नव्हते. मी ठेवले.