काचपट्टीवरची गर्दी

जीवशास्त्राच्या बाईंनी नववीच्या वर्गासमोर स्वतःचंच बोट टोचलं. पोरांपैकी कुणाचं टोचायचं तर पालकांच्या परवानग्या आल्या, त्यापेक्षा आपलं बरं. थेंब काचपट्टीवर पसरला, वाळवला, रंगवला.

"लाल पेशी म्हणजे फिकट गुलाबी चकत्या. आत केंद्रक नाही. काम एकच, प्राणवायू वाहायचा. पांढरी मोठी असते, आत जांभळं केंद्रक. ती रोगाशी लढते. पण सहा-सातशे लालांमागे एखादीच. शोधावी लागेल हं!"

पहिल्या बाकावरची चौकस मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाली, "शोधायची कशाला बाई? इथं तर गर्दी आहे!"

बाई हसत वाकल्या आणि काळजात धस्स झालं. जिकडेतिकडे जांभळे ठिपके. त्यांच्या थोरल्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा पांढऱ्या पेशी अशाच मातल्या होत्या. पाच महिन्यांत ती गेली.

"जास्त असल्या तर चांगलंच ना, लढायला?" मुलीने विचारलं.

"नाही गं... उद्या सांगते." त्यांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालून काढून घेतली.

घंटा होताच काचपट्टी रुमालात गुंडाळून त्यांनी कोपऱ्यावरची रक्त तपासणारी प्रयोगशाळा गाठली. वाटेत चार पावलं टाकली की धाप लागत होती. ही धाप आजचीच की आधीपासूनची? गेल्या महिन्यातला थकवा, दंडावरचा काळानिळा डाग, सगळं एकदम आठवायला लागलं. नवऱ्याला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत कापला. सांगणार काय?

तपासनीस बाईने काचपट्टी पाहिली. "तुम्ही कुठं पाहिलंत? टोकाला?"

"हो."

"अहो, रक्त पसरताना मोठ्या पेशी ओढल्या जाऊन टोकाला साचतात. आतल्या भागात बघा."

बाईंनी पाहिलं. गुलाबी चकत्यांचा सडा, मध्ये एकच जांभळी. तरी विश्वास बसेना.

"पांढऱ्या पेशी मोजून द्या," त्या म्हणाल्या. आवाज आपला वाटतच नव्हता.

तपासनीस बाईने हाताच्या शिरेतून रक्त घेतलं. अर्धा तास त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या.

"सात हजार. चार ते अकरा हजारांत असाव्या लागतात. अगदी ठणठणीत!" तपासनीस बाई म्हणाली.

बाईंनी कागद हातात घेतला. त्या खुर्चीतच बसून राहिल्या आणि कागदावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचू लागल्या.