पोपटचं नाक

माझ्या वडिलांना दिसत नाही. युद्धात स्फोट झाला, डोळे गेले, आणि तिथून त्यांना पाठीवर टाकून छावणीपर्यंत आणलं ते पोपटने. एकदा मोडून वाकडं बसलेलं नाक, मधोमध उंचवटा, म्हणून पलटणीत त्याला सगळे पोपट म्हणत. वाटेत त्याला इतकी धाप लागली होती, की तोंडातून शब्द फुटेना. बाबांनी चाचपडत त्याच्या नाकाला हात लावला आणि ओळखलं. नंतर तो दुसऱ्या जखमींना आणायला परत गेला, तो आलाच नाही.

मी टांकसाळीत नाण्यांचे नमुने कोरते. माजी सैनिकांच्या सन्मानार्थ चांदीचं नाणं काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं, तेव्हा चेहरा कुणाचा हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे आधी ताटाएवढा प्लास्टरचा नमुना होतो, मग तो लहान करून साच्यात उतरवतात. पोपटच्या बायकोने, आमच्या काकूंनी, फोटो पाठवला. तरी त्या नाकाने माझ्या नाकी नऊ आणले. शेवटी बाबांनाच टांकसाळीत नेलं. त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं.

"इथे अजून घास. थोडंसं. बास बास! हाच गं, हाच!"

मग आली समिती. त्यातल्या एकानेही जन्मात कानस धरलेली नाही, पण मत प्रत्येकाला. एकाला मिशी हवी, दुसऱ्याला नको. एकमत झालं ते फक्त नाकावर.

"वीराचं नाक असं?" समितीचे प्रमुख, आमचे साहेब म्हणाले. "बाई, लोक हसतील. सरळ करून टाका."

"साहेब, तो खरा माणूस होता. त्याचं नाक तसंच होतं."

"अहो, पण त्याचं नाव कुठे आहे नाण्यावर? हा सगळ्यांचा सैनिक."

"मग सगळ्यांची नाकं सरळ असतात का? मी नाही करणार."

पालथ्या घड्यावर पाणी. नमुना स्कॅन झालेलाच होता. साहेबांनी संगणकवाल्याला हाक मारली, त्याने माऊस फिरवला, आणि चहाचा कप संपायच्या आत नाक सरळ. वर मलाच म्हणतो, "मॅडम, आता बघा कसा हिरो दिसतोय!" त्याच्या डोक्यात प्लास्टर घालावंसं वाटलं मला. साहेबांच्याही. वरपर्यंत तक्रार केली, तर उत्तर आलं की आपल्या भावनांचा आदर आहे. आदर! घरी बाबांना सांगायचा धीर होईना, आणि त्याचाही राग येत होता.

समारंभात बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. दोन नाणी मिळाली, एक त्यांना, एक काकूंना पाठवायला. दोन्ही पारदर्शक डब्यांमध्ये बंद.

"उघडू नका हं आजोबा," साहेब म्हणाले. "बोटं लागली की चांदीवर डाग पडतात."

जन्मात पहिल्यांदा मला साहेबांचं बोलणं पटलं.

घरी आल्या आल्या बाबांनी डबी पुढे केली. "उघड."

"बाबा, डाग पडतील."

"पडू देत. मला कुठे दिसणार आहेत?"

मी डबी उघडून नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांचं बोट कपाळावरून खाली आलं, ओठांपर्यंत गेलं, परत वर आलं, पुन्हा खाली. मला राहवेना. समिती, साहेब, तो माऊस, सगळं एका दमात सांगून टाकलं. संतापाने आवाज चिरकला माझा. "खूप भांडले हो मी, बाबा!"

"भांडली असशीलच." त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं. "देखणा केलाय."

मी पाणी आणायला उठले. तेवढ्यात त्यांनी चाचपडत दुसरी डबी शोधली आणि मुठीत घट्ट धरली.

"ही वहिनींना पाठवू नकोस," ते म्हणाले. "त्यांना दिसतं."