पहिलं अक्षर

“अहो, थांबा की जरा! सामना संपू तर द्या,” मामी दबक्या आवाजात म्हणाल्या.

“ती डावरी पोर जिंकल्यातच जमा आहे. एकच पॉइंट राहिलाय.” मामांनी चांदीचा करंडक मांडीवर घट्ट धरला. “नंतर घाईघाईत कोरायला माझा हात आता धावत नाही गं.”

टेनिस कोर्टाच्या प्रेक्षक गॅलरीखालच्या या खोलीत बसून मामा वर्षानुवर्षं विजेत्यांची नावं कोरत आले होते. वर गवतावर शेवटचा चेंडू पडायचा आणि बक्षिसाचं टेबल मांडून होईतो नाव चांदीवर उमटलेलं असायचं. यंदा मात्र हाताला कंप सुटला होता. ते फक्त मामींना ठाऊक. डबा द्यायच्या निमित्ताने त्या आल्या होत्या, खरं तर करंडक धरायला.

मामांनी श्वास रोखून डावरीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. सुरेख उतरलं.

तेवढ्यात वर एकच गलका झाला. खोलीतल्या टीव्हीवर डावरीचा फटका जाळीत अडकला होता.

“एक गेला म्हणून काय झालं?” मामा म्हणाले.

मग दुसरा गेला. गेम गेला. सेट गेला. गुडघ्याला पट्टी बांधलेली गतविजेती हरता हरता पेटून उठली होती. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणाची बाजू घेतली नव्हती; आज मात्र ते टीव्हीला विनवत होते, “मार ना, पोरी! मार गं!”

गतविजेतीच जिंकली.

“झालं, मामा?” व्यवस्थापक दारात आला आणि त्याची नजर त्या अक्षरावर गेली.

“मीच घाई करायला लावली त्यांना,” मामी पुढे झाल्या.

“नाही. चूक माझी,” मामा म्हणाले. “घासून काढतो. थोडा वेळ द्या, साहेब.”

व्यवस्थापकाने करंडक फडक्यात गुंडाळला आणि तसाच नेला. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

समारंभ आटोपला. मामी हत्यारं आवरत होत्या. मामा मागच्या जिन्यापाशी आले, तर पायरीवर डावरी बसलेली. गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग, डोळे सुजलेले.

“काका, इकडून बाहेर पडता येतं का? पुढे सगळे उभे आहेत.”

“येतं. चल, दाखवतो.” मामांनी तिची बॅग उचलली. पट्टा मुठीत लटपटू लागला.

“राहू द्या, काका. हात थरथरतोय तुमचा.”

हे त्यांना परक्या माणसाने पहिल्यांदाच सांगितलं.

“हो गं,” मामा म्हणाले. “थरथरतो.”

आणि बॅग खांद्यावर टाकून ते तिच्यापुढे चालू लागले.