सुतारमामांचा उजवा डोळा आणि मी

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठीवर चिकटपट्टी आहे आणि दुपार कलली की माझी बॅटरी मान टाकते. तरीही मित्रांनो, डोंगरमाथ्यावरच्या या दोन खोल्यांच्या दवाखान्यात माझा रुबाब कायम आहे.

कारखान्यात माझ्यासारखी भावंडे ढिगाने जन्मली. मी नर्सताईंच्या हाती पडलो, हे माझे भाग्य. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई नदीपलीकडच्या शहरात असतात आणि तिथे पोचायला अख्खा दिवस मोडतो. म्हणून ताई माझ्या कॅमेऱ्यावर चिमट्याने छोटे भिंग लावतात, रुग्णाला खिडकीशी बसवून डोळ्याचा फोटो काढतात आणि रेंजसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन तो पाठवतात. कुणाला थेंब पुरतील आणि कुणी लगेच निघायचे, हे बाई तिकडून सांगतात.

एकदा ताईंची नणंद राहायला आली. तिने माझ्यातली चेहरा उजळवणारी सोय सुरू करून स्वतःचे भरपूर फोटो काढले. सुरकुत्या गायब, डाग गायब! "वहिनी, बघा, लग्नाआधीसारखी दिसतेय की नाही?" नणंद गेली, सोय मात्र चालूच राहिली.

दुसऱ्याच दिवशी सुतारमामा आले. फळी तासताना लाकडाचे कुसळ उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेले होते. मामा डावा डोळा मिटून उजव्याने फळीची सरळ रेघ बघत. तो डोळा गेला, तर त्यांचा धंदाच बसणार होता. ताईंनी फोटो पाठवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळ स्वच्छ दिसतंय. थेंब घाला, आठवड्याने बघू."

मामांचा जीव भांड्यात पडला. ताईंचा पडला नाही. त्यांनी मामांचा डोळा बघितला, माझी काच बघितली, पुन्हा डोळा बघितला.

"मामा, तुमच्या बुबुळावर पांढरा ठिपका आहे, फोटोत नाही. आणि डोळ्याखालच्या सुरकुत्या कुठे गेल्या?"

"गेल्या तर जाऊ दे की," मामा कसेबसे हसले.

"अगं बाई, हे नणंदबाईंचे प्रताप!" ताईंनी ती सोय बंद केली आणि नवा फोटो पाठवला. आता डॉक्टरीणबाईंचा आवाजच बदलला. "जखम चिघळतेय. त्यांना आत्ताच्या आत्ता निघू दे, नाहीतर डोळा हातचा जाईल."

मामा दुधाच्या गाडीत बसून गेले. मी खिडकीत पडून होतो. लोकांना सुंदर करण्याची माझी हौस तेव्हाच फिटली.

बऱ्याच दिवसांनी मामा परतले, ते मला टेकवून उभे करायला लाकडी घोडी घेऊनच. मला तिच्यावर ठेवून त्यांनी डावा डोळा मिटला आणि उजव्याने न्याहाळले. "घोडी सरळ आहे," ते म्हणाले. "ताई, तुमची खिडकीच वाकडी आहे!"

ताई हसता हसता रडल्या. मग ज्या पदराने डोळे टिपले, त्यानेच माझे भिंग पुसले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमचे भिंग स्वच्छ ठेवा, आमच्याशी जपून वागा. पण आम्ही दाखवतो ते खरे मानण्याआधी समोरच्या माणसाकडे एकदा स्वतः नीट बघा.

खिडकी अजून वाकडीच आहे. मामा म्हणतात, नीट करून देतो. ताई म्हणतात, राहू द्या, तुम्हाला ती वाकडी दिसतेय ना, तेवढं पुरे.