पूजेला मांडलेली बनियनं

दिल्लीजवळ मानेसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत आग विझवणाऱ्यांचं एक खासगी ठाणं होतं. तिथले बरेचसे जवान फौजेतून निवृत्त झालेले मराठी गडी, त्यामुळे खंडेनवमीची शस्त्रपूजा कधी चुकायची नाही. पूजेला त्यांच्यातल्याच हणमंताची बायको गिरिजा यायची. नवरात्राचे उपास धरणारी, मोठ्यानं कधी न बोलणारी.

यंदा कुऱ्हाडी, पाइप आणि हेल्मेटांच्या शेजारी नवी बनियनं मांडली होती. अंगाला चिकटून बसणारी ही बनियनं, आगीत शिरलेल्या जवानाच्या छातीचे ठोके आणि अंगाचा ताप ठाण्यातल्या पडद्यावर दाखवायची. ज्याची रेघ लाल झाली, त्याला बाहेर बोलवायचं.

"ह्याचं काळीज कुठं असतं हो, भाऊजी?" गिरिजानं विचारलं.

पडद्यावर लक्ष ठेवणारा अविनाश पुण्याचा. त्यानं बनियन उलटं करून आतल्या पट्ट्या दाखवल्या. "हे बघा, वहिनी."

मग तिनं मनोभावे प्रत्येक बनियनाच्या त्या पट्ट्यांवरच, तेलात कालवून हळदकुंकू वाहिलं. हणमंताचं बनियन तेवढं राहिलं. ड्यूटी असल्यामुळं तो अंगात घालूनच बसला होता. "माझ्या कपाळाला लाव की," म्हणत हसला. तिनं लावलं.

पूजेनंतरच्या कवायतीत पडद्यावर रेघांमागून रेघा लाल झाल्या. कुणाची कुठली, हे अविनाशनं बघितलंही नाही. पोट धरून हसला. "काय यार वहिनी, तुमच्या देवीनं सगळ्यांना ताप आणला!"

ओल्या फडक्यानं पट्ट्यांवरचं तेलकट कुंकू पुसून झालं. ओशाळलेली गिरिजा प्रसादाचे द्रोण भरत होती, तेवढ्यात रंगाच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. गाडी गेली. ती अविनाशच्या मागं स्टुलावर देवीचं नाव घेत बसली.

थोड्या वेळानं एक रेघ लाल झाली. हणमंताची.

"चलो, पुन्हा कुंकू," अविनाश पुटपुटला. "ह्याला बोलवला तर जोडीदारही बाहेर येणार. पाणी बंद. मग पिंपं पेटतील."

गिरिजाचा जप थांबला. त्यांच्या बनियनाला आपण बोटही लावलं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सकाळी आपल्यामुळंच घोटाळा झाला, आता पुन्हा कशाला मध्ये बोलायचं? अविनाशला कळत असेल. देवी, रेघ हिरवी कर, ती मनात म्हणाली. रेघ लालच राहिली, आणि मग वेडीवाकडी उडायला लागली.

"भाऊजी, त्यांच्या बनियनाला कुंकू नव्हतं लावलं."

रेडिओ खरखरत होता. "हां हां, वहिनी."

"भाऊजी!" ती उभी राहून ओरडली. "ते अंगात घालून बसले होते! बोलवा त्यांना!"

अविनाशनं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, आणि तो रेडिओवर हणमंताच्या नावानं हाका मारायला लागला. उत्तर आलं ते जोडीदाराचं.

त्यानं हणमंताला ओढत बाहेर आणलं. अंग भट्टीसारखं, घाम पार सुकलेला. इस्पितळात बनियन कात्रीनं कापलं. डॉक्टरीणबाईंनी छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली. मग हात काढून घेतले.

"ऐसे कब से थे?"

अविनाश खाली बघत म्हणाला, "मशीन में सुबह से गड़बड़ थी, मॅडम."

"मशीन ठीक थी," गिरिजा तिच्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाली. "लाल हुआ, तब से हम दोनों देख रहे थे."