स्प्लीनचं मराठी

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "रुचिताचा स्प्लीन रक्तच खातोय. काढावा लागेल. बुधवारी सकाळी या." नऊ वर्षांची पोर माझी, आणि हा माणूस वार असा सांगतोय, जणू तिचे केस कापायचेत!

डोंबिवलीला परतताना मी नवऱ्याला बजावलं, "सर्वेश, आईंसमोर फक्त स्प्लीन म्हणायचं. मराठीत अवाक्षर काढायचं नाही." माझ्या सासूबाई, रंगूबाई, खटावकडच्या. त्यांच्या गावात पूर्वी पोट सुजलेल्या पोरांना तापल्या विळ्याने डाग द्यायचे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. ऑपरेशनचं कळलं की पोरीला उचलून गावी नेतील, या धास्तीने चार दिवस मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

मंगळवारी मी बॅग भरत होते आणि सर्वेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. "अगं रसिका, हा शब्द मूळचा ग्रीक. इंग्रजांना वाटायचं, माणसाचा राग तिथेच साठतो. मग चिडचिडेपणालाच ते स्प्लीन म्हणायला लागले."

"मग पोरीचा कशाला सुजला? माझा सुजायला हवा होता!" मी खेकसले, आणि मला रडूच फुटलं.

"हळू बोल, पोरगी निजलीय." दारात आई उभ्या होत्या. "डाव्या बरगडीखाली सूज, डोळं पिवळं. तुमचं स्प्लीन म्हंजी पांथरी. डोळं मिटून दूध प्यालं म्हणून मांजर दिसायचं ऱ्हातं व्हय?"

"आई, मी तिला गावी पाठवणार नाही. मेले तरी नाही!"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. सर्वेशला म्हणाल्या, "तुझ्या आधी एक झाल्ता. तानाजी. त्येलाबी पांथरीच व्हती. डाग देताना मीच धरलं त्येला. लई वरडला. तिसऱ्या दिशी गेला."

सर्वेशला भाऊ होता, हे त्याला आज कळत होतं. मला माझीच लाज वाटली.

आईंनी रुचिताचा टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि तो बॅगेत ठेवला. "उद्या मीबी येते," त्या म्हणाल्या. "पर सुई टोचताना तिला तू धर, रसिका. माझ्यानं न्हाई व्हायचं."