बिनमिठाची भाजी

मुलगी मीठ कुठे लपवते, हे शोधायलाच रंगमास्तर तिच्या घरी आले होते.

तिला सातवा महिना लागला होता. पाय सुजलेले, आणि रक्तदाब उतरायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी मीठ बंद केलं होतं. कालच्या तपासणीत आकडा पाहून त्या भडकल्या. "घरात मीठ घालतं कोण? असंच चाललं तर बाळाचं काही खरं नाही, आणि तुझंही," असं त्यांनी तोंडावर सुनावलं. जावई कामानिमित्त परगावी. तिचं मीठ शोधून काढा, अशी त्याने फोन करून सासऱ्यांना गळ घातली, आणि मास्तर घाबरूनच निघाले. भीती वाटली की ते रागावत. आजही तेच चाललं होतं. त्यांनी सगळे डबे उघडले, कपाटाच्या मागे पाहिलं, पिठातही हात घातला.

"झडती झाली असेल तर जेवून घ्या, बाबा," मुलगी म्हणाली. "चोर सापडला का?"

"सापडेल. दोन महिने जिभेला आवर घालता येत नाही तुला?"

"शपथेवर सांगते, चिमूटभरसुद्धा घालत नाही. मलाच आता अळणी खाऊन खाऊन कंटाळा आलाय."

तिने भोपळ्याची भाजी वाढली. मास्तरांनी घास घेतला. भाजी खारट होती. फार नाही, पण होती. आता चांगली खरडपट्टी काढायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. खारटपणाच्या मागून काहीतरी कडवट आलं होतं. ती चव त्यांच्या रोजच्या ओळखीची होती.

सुती कापडाला रंग चढवायचा तर रंगाच्या पाण्यात पोत्यांनी मीठ ओतावं लागतं, आणि रंग पक्का करायला सोडा. ते मीठ खाण्यातलं नव्हे. ते मागून कडवट लागतं. मास्तरांच्या कापड रंगवायच्या कारखान्यात मीठ मोजायचे मीटर आले, तरी ते पाण्यात बोट बुडवून जिभेला लावल्याशिवाय पुढचं काम सुरू करू देत नसत. "मीटर चुकेल, माझी जीभ नाही चुकणार," हे त्यांनी तीस वर्षांत इतक्यांदा ऐकवलं होतं की कामगार मागे त्यांची नक्कल करायचे.

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. एक घोट जिभेवर धरला. मग दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले. पाणी बुळबुळीत लागलं. सोडा.

"हे पाणी कुठलं?"

"अंगणातल्या बोअरचं. दुसरं कुठलं असणार? हल्ली जरा मचूळ लागतं, पण सवय झालीय."

मास्तर उठून मागच्या दारात गेले. कुंडीतल्या मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. कुंपणापलीकडे जुना कच्चा नाला होता. मुलीचं लग्न झालं तेव्हा कोरडा ठणठणीत असलेला तो नाला आता वाहत होता, आणि त्याच्या काठच्या मातीवर निळी रेघ उमटली होती. तीन महिन्यांपूर्वी गडद निळ्या कापडाची मोठी ऑर्डर आली, सांडपाणी शुद्ध करायची टाकी तुडुंब भरली, तेव्हा रंगाचं पाणी टाकीत न जाता थेट बाहेर सोडणाऱ्या नळाची मागची चावी मास्तरांनीच उघडायला लावली होती. दोन दिवसांपुरती. पुढे माल निघत राहिला आणि चावीचा विषय कुणी काढला नाही. ते पाणी पुढे कुठे वाहतं, कुठे झिरपतं हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी निम्म्या मिठात चढणारा नवा रंग आणून दाखवला, तर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांचं नाव 'अर्ध्या मिठाची बाई' ठेवलं. तेव्हा सगळे खूप हसले होते.

मास्तरांनी कारखान्यात फोन लावला.

"मागची चावी बंद कर. आत्ता."

"मास्तर, टाकी भरलेली आहे," पलीकडून टाकीवाला म्हणाला. "मशीन थांबवावी लागतील."

"थांबव. माझं नाव सांग. आणि त्या प्रयोगशाळेतल्या बाईंना म्हणावं, मी येतोय. तो रंग काढून ठेवा."

फोन ठेवून ते वळले. मुलगी दारात उभी होती. एक हात चौकटीला, एक पोटावर.

"कसली चावी, बाबा?"

खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. नळ खराब आहे म्हणावं, बाहेरून पाणी मागवावं, तिला आपल्या घरी न्यावं. कशाला कळतंय तिला. पण उद्या डॉक्टरीणबाई पुन्हा तिलाच फैलावर घेणार होत्या, आणि खरं कारण त्यांना कळलं नाही तर उपचार तरी कशावर करणार?

"चल, डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "घरात मीठ कोण घालतं, असं त्यांनी विचारलं होतं ना? मी घालतो. तीन महिने झाले."

तिला समजायला थोडा वेळ लागला. तिने कुंपणापलीकडे पाहिलं, टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडलीही नाही.

"मिठाचं कळलं," ती हळूच म्हणाली. "पण त्या पाण्यात अजून काय काय असतं, बाबा?"

प्रत्येक छटेचं प्रमाण मास्तरांना तोंडपाठ होतं. एकेका रसायनाचं नाव जिभेवर येत गेलं, आणि त्यातलं एकही त्यांना तिच्यासमोर उच्चारवेना.